सुचिताच्या झाडाचा शेंडा

फळ, फूल, शेंग किंवा पाला यांपैकी काहीही न देणाऱ्या झाडाला उकंडरावांच्या मळ्यात जागा नव्हती. केनवडच्या शिवारात त्यांची अडीच एकर ओलिताची जमीन होती. एक एकरात वांगी, मिरची, पालक आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधावर शेवगा आणि उरलेल्या दीड एकरात दरवर्षी तूर. घरही मळ्यातच, विहिरीला लागून. नवरा-बायको दोघंही पहाटेपासून खुरपं घेऊन वाकलेले. अशा घरात संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्यांची एकुलती एक मुलगी एसटीतून कुंडी घेऊन उतरली, आणि त्या कुंडीत ख्रिसमसचं झाड होतं.

सुचिता अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिथल्या नर्सबायांनी डिसेंबरात वॉर्डात हे झाड सजवलं होतं. सण झाला, आणि मागच्या जिन्याखाली पोछ्यांच्या बादल्यांशेजारी त्याची रवानगी झाली. सुचितानं ते मागून घेतलं आणि मांडीवर ठेवून थेट केनवडपर्यंत आणलं. झाड कमरेएवढं होतं. खोड काठीसारखं सरळ, आणि त्याला खालपासून वर चार मजले. प्रत्येक मजल्याला चहूबाजूंनी आडव्या फांद्या. मधेमधे सजावटीचा कापूस अजून चिकटलेला होता.

"हे देते काय?" पंचफुलानं मुलीला विचारलं.

"काही नाही देत आई. नुसतं राह्यते."

"म्हणजे बसून खाणारं हाय. तुया बापाले सांग, एक अजून वाढलं म्हणा."

सुचिता हसली. "दरसाल एक मजला चढते ते. नीट ठेवलं तर कुंडीतच वीस-वीस वर्सं राह्यते. डिसेंबर आला की घरात घ्यायचं, सजवायचं, अन् मंग पुन्हा बाहेर. मी येतो ना सजवायले दरसाल. फक्त त्याच्या शेंड्याले हात नोका लावू. शेंडा गेला की ते वर जात नाही."

"शेंडा खुडला की झाड चांगलं फुटते," उकंडराव ओट्यावरून म्हणाले. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं.

"तुमची तूर फुटते बाबा. हे नाही फुटत. दोघंही ध्यानात ठेवा."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ड्युटी संपवून खोलीवर जाताना सुचिताच्या स्कूटीला मागून ट्रक लागला. ती सव्वीस वर्षांची होती.

पंचफुला रडली नाही. लोकांनी वाट पाहिली. आधी म्हणाले, धक्का बसलाय. मग म्हणाले, तेराव्याला रडेल. तेरावंही झालं. शेजारच्या मळ्यातली हौसाबाई रोज येऊन बसायची आणि हिला कसं रडवावं याची खटपट करायची. सुचिता लहानपणी कशी बोलायची, कशी शाळेत पळत जायची, सगळं काढायची आणि स्वतःच पदर डोळ्याला लावायची. "रड वं बाई," ती म्हणायची. "रडलं नाही तर छातीत राह्यते ते." पंचफुला तिचं सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "चहा मांडू?"

तिला दुःख झालं नव्हतं असं नाही. पण ते कुठे होतं ते तिलाच सापडत नव्हतं. अंगात एक बधिरपणा भरून राहिला होता. दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गालाला हात लावला तर तो आपला वाटत नाही, तसं तिला सगळ्याच अंगाचं झालं होतं. भाकर थापताना तव्याचा चटका बसला तरी हात मागे घ्यायला उशीर व्हायचा.

आणि या बाईचं तोंड म्हणजे एकेकाळी काय होतं! बाजारात तिच्या समोर बसून वांगी हातानं दाबून पाहण्याची कुणाची छाती नव्हती. "दाबता काहून? वांगं हाय, पेशंट नाही," असं ती भर बाजारात ऐकवायची. नवऱ्याला तर उठता-बसता. मोटार वेळेवर का नाही लावली, चप्पल घरात का आणली, मिरचीला एवढं पाणी का दिलं. उकंडरावांनी पस्तीस वर्षं ते ऐकलं आणि त्यांचं काही बिघडलं नाही. फेब्रुवारीपासून ते सगळं बंद झालं. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. दोन जुड्या मागितल्या तर दोन, तीन उचलल्या तर तीन. घरात ती "जेवता?" म्हणायची, ते "हो" म्हणायचे, की दिवस संपला.

झाडाकडे महिनाभर कुणाचं लक्षच गेलं नाही. मार्चच्या मध्यात ओटा झाडताना पंचफुलाला दिसलं, की खालच्या मजल्याची एक फांदी पिवळी पडली आहे. तिनं झाडू ठेवला आणि विहिरीवरून बादली आणून कुंडीत ओतली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. भाजीवाल्यांना झाड आजारी दिसलं की पहिला उपाय पाण्याचा. आठ दिवसांत दुसरी फांदीही पिवळी झाली आणि कुंडीतून कुबट वास यायला लागला.

तेव्हा तिला पहिल्यांदा कशाची तरी भीती वाटली. ती रडण्यासारखी नव्हती, ओरडण्यासारखीही नव्हती. हे झाड मरता कामा नये, एवढंच तिला कळलं. बाकी जगात काय व्हावं, काय होऊ नये, याबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं. पण सुचितानं हातानं आणून दिलेली आणि अजून वाढणारी घरात ही एकच वस्तू होती, आणि ती मेली असती तर मग काहीच उरलं नसतं.

ती पिवळी फांदी पिशवीत घालून पंचफुला एकटीच वाशिमला गेली. तिथे रस्त्याच्या कडेला बाबूलालची नर्सरी होती. गुलाब, मोगरा, शोभेची झाडं आणि खतांच्या पिशव्या विकणारा हा माणूस बोलण्यात भारी सावकाश. त्यानं फांदी हातात फिरवून पाहिली.

"माय, पाणी किती देता?"

"बादली."

"रोज?" बाबूलालनं कपाळाला हात लावला. "वांगे लावले का तुमी कुंडीत? अन् कुंडीले खालून भोक हाय का?"

भोक नव्हतं. दवाखान्यात फरशीवर पाणी सांडू नये म्हणून कुणीतरी बिनभोकाची कुंडी आणली असणार. बाबूलालनं सांगितलं, की याला ओल्यात पाय बुडालेले चालत नाहीत. मळ्यातली काळी माती तर अजिबात नको, ती पाणी धरून बसते. रेती, मुरमाड माती आणि जुनं शेणखत मिसळायचं, आणि कुंडी एकच नंबर मोठी घ्यायची, उगाच घंगाळ नको. पाणी द्यायच्या आधी मातीत दोन पेरं बोट घालून पाहायचं. कोरडं लागलं तरच द्यायचं. दुपारचं ऊन लागू द्यायचं नाही, पण अंधारातही कोंबायचं नाही. आणि दर आठ दिवसांनी कुंडी थोडी फिरवायची, नाहीतर ते उजेडाकडे कलतं.

"अन् शेंडा?" पंचफुलानं विचारलं.

"शेंडा म्हणजे त्याचा जीव, माय. त्याले धक्का नोका देऊ."

उकंडरावांनी काही न विचारता नव्या कुंडीला तापलेल्या सळईनं पाच भोकं पाडली. दोघांनी मिळून झाड उपटलं. सडलेल्या काळ्या मुळ्या पंचफुलानं विळ्यानं कापल्या, नव्या मातीत झाड बसवलं. घराच्या पूर्वेला, पाण्याच्या माठाशेजारी, सकाळचं ऊन येईल आणि अकरानंतर सावली होईल अशी जागा होती. तिथे उकंडरावांनी बांबू रोवले आणि मिरचीच्या रोपांवरची हिरवी जाळी काढून झाडावर बांधली. त्या वर्षी मिरचीची रोपं उन्हानं करपली.

उन्हाळा तापला. पारा चव्वेचाळीसवर गेला, शेवग्याची पानंसुद्धा गळाली. पंचफुला रोज सकाळी मातीत बोट घालायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन तांबे पाणी. संध्याकाळी फवाऱ्यानं फांद्यांवर थोडं शिंपडायची. दर सोमवारी कुंडी पाव वळसा फिरवायची. यात तिला समाधान मिळत होतं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. ती हे सगळं जेवणासारखंच करायची, चव न घेता. फक्त चुकवायची नाही.

पाऊस लागला आणि जुलैच्या शेवटी शेंड्याजवळ नवीन मजला फुटला. कोवळ्या, पोपटी, बोटभर फांद्या, आणि त्यांच्या मधोमध उभा एक लुसलुशीत कोंब. पंचफुला कितीतरी वेळ पाहत उभी राहिली. आपल्याला आता काहीतरी वाटायला पाहिजे, हे तिला कळत होतं. वाटलं मात्र काहीच नाही.

"पाच झाले," ती रात्री जेवताना म्हणाली.

"पाह्यलं मी," उकंडराव म्हणाले.

त्या आठवड्यात दोघांचं झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

पोळ्याच्या आधी तूर मांडीपर्यंत आली, तेव्हा तिचे शेंडे खुडायची वेळ झाली. शेंडा खुडला की तुरीला बगलेतून फांद्या फुटतात आणि शेंगा दुप्पट लागतात. आता खुडायची यंत्रं निघाली आहेत, पण पंचफुलाचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट त्या यंत्राला हार जाणारे नव्हते. कमरेला कापडी झोळी बांधायची, ओळीत शिरायचं, दोन्ही हातांनी खुडायचं, आणि शेंडे झोळीत टाकायचे. ते घरच्या बकरीला चारा होतात. सकाळी सहाला ती तुरीत शिरली आणि चारपर्यंत दीड एकर उरकलं. मध्ये दोन-तीनदा माठावर येऊन पाणी प्यायली, पुन्हा गेली. डोक्यात काही नव्हतं. हात चालत होते.

तो सोमवार होता. संध्याकाळी ती कुंडी फिरवायला गेली आणि तिला दिसलं, की झाडाला शेंडा नाही.

पाचवा मजला होता, पण त्याच्या मधला कोंब कुणीतरी खुडला होता. बकरीनं खाल्ला असता तर फांद्याही ओरबाडल्या गेल्या असत्या. हा कोंब नखानं, एका झटक्यात, साफ तोडला होता. तोडल्या जागी चिकाचा एक थेंब साकळला होता. असं खुडणारी माणसं त्या मळ्यात दोनच होती. त्यांतल्या एकावर तिचा संशय क्षणभरही गेला नाही.

उकंडराव नळावर हातपाय धूत होते.

"तुमी खुडला ना?" ती म्हणाली. आवाज बारीक होता, आणि मग एकदम फुटला. "तुमीच खुडला! पोरगी सांगून गेली होती, शेंड्याले हात नोका लावू म्हणून. मेलेल्या पोरीचं एवढं एक ऐकता नाही आलं तुमाले? तुमचे हात झडो! दिसलं झाड की खुड, दिसलं झाड की खुड! अवो, ते झाड तूर हाय काय? बापानंच मान मुरगाळली त्याची!"

ती बोलतच राहिली. बांधापलीकडून हौसाबाई धावत आली, ऐकून थबकली आणि आल्या पावली परत गेली. उकंडराव तांब्या हातात धरून तिच्याकडे बघत होते. मग तांब्या खाली ठेवला.

"चुकलं," ते म्हणाले. "ध्यानात नाही राह्यलं."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं वाशिमला गेली. बाबूलालनं तिच्या मोबाइलवरचा झाडाचा फोटो मोठा करून पाहिला आणि तोंडानं च् च् केलं.

"मरते का?" तिनं विचारलं.

"मरत नाही. पण आता वर जाणं मुश्किल. या झाडाची आडवी फांदी आडवीच राह्यते, माय. कापून दुसऱ्या कुंडीत लावा, तरी आडवीच वाढते. तिले वर जाणं माईतच नाही. खोडातून एखादा नवा कोंब निघाला तर निघाला. त्याची गॅरंटी मी नाही देत."

"मंग म्या काय करू?"

"करत होत्या तेच करा."

त्यानंतरचे वीस दिवस उकंडरावांनी काय काय ऐकलं, त्याची मोजदाद नाही. चहा पुढे आला तो आदळून. मोटार उशिरा लावली म्हणून ऐकलं, लवकर लावली म्हणूनही ऐकलं. चप्पल घरात आली म्हणून अर्धा तास. "हात बांधून ठेवा तुमचे, हात," हे तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी. तोंडाला एकदा वाट सापडल्यावर ते घरापुरतं कशाला थांबतं? गुरुवारच्या बाजारात एका शिक्षकानं वांगं दाबून पाहिलं आणि अशी बोलणी खाल्ली, की बिचारा पैसे देऊन वांगी तिथेच विसरून गेला. दिवसभर ती पेटलेली असायची आणि रात्री पडल्या पडल्या झोप लागायची, जी फेब्रुवारीपासून लागत नव्हती.

आणि नवरा? तो माणूस दोन भाकरी जास्त खात होता. शिव्या ऐकत, खाली मान घालून, वर "वाढ अजून थोडं" म्हणत होता. पंचफुलाला त्याचा आणखी संताप यायचा. या माणसाला मन म्हणून काही आहे की नाही, असं तिला खरंच वाटायला लागलं होतं.

विसाव्या दिवशी तुरीची दुसरी खुडणी निघाली. नव्या फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडायचे असतात. पंचफुलानं खुंटीवरची झोळी काढली, कमरेला बांधली, आणि मागच्या वेळचा काही पाला राहिला असेल म्हणून आत हात घातला. कोपऱ्यातल्या शिवणीत काहीतरी अडकलं होतं. ते बोटाला टोचलं.

तिनं बाहेर काढलं. वाळून तांबूस झालेला, बोटभर लांबीचा कोंब. बारीक सुयांसारखी पानं. तुरीला अशी पानं नसतात.

तिनं तो तळहातावर ठेवला आणि आठवायचा प्रयत्न केला. माठापाशी आली होती. डाव्या हातात पाण्याचा पेला होता. पाणी गार होतं, एवढं आठवलं. उजव्या हातानं काय केलं ते आठवेना. कितीही ताण दिला तरी आठवेना. फक्त कोंब हातात होता, आणि झोळी तिची होती.

उकंडराव तुरीच्या पलीकडच्या टोकाला खुडत होते. ती ओळ तुडवत त्यांच्यापर्यंत गेली आणि मूठ उघडली. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. नवल वाटल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, आणि तिथेच तिला कळलं.

"तुमाले माईत होतं."

"व्हय."

"पाह्यलं होतं तुमी?"

"मोटारीपाशी होतो. तू पाणी पिऊन राह्यली होती, कुठं तरी भलतीकडेच पाहून. अन् हात गेला. मी हाक मारणार, तवर खुडलं होतं तू."

"मंग सांगतलं काहून नाही? वीस दिवस तुमाले..." तिनं मूठ पुन्हा मिटली. "मी काय काय बोललो तुमाले! पोरीच्या नावानं बोललो. काहून ऐकून घेतलं?"

उकंडरावांना लांबलचक बोलायची सवय नव्हती. त्यांनी हातातले शेंडे झोळीत टाकले, हात धोतराला पुसले.

"सांगणारच होतो त्या दिवशी," ते म्हणाले. "पण तू सुरू झाली. सुचिता गेल्यापासून मी या घरात एकटाच होतो, पंचफुला. तू उठे, स्वयपाक करे, झोपे, पण तू नव्हती तेथं. अन् त्या सांजेले तू आली. शिव्या देत आली, पण आली. मी म्हटलं, मीच खुडला. म्या खुडल्यानं तू बोलत असशीन, तर मीच खुडला."

पंचफुला तुरीच्या ओळीत खाली बसली. आधी तिला वाटलं, खोकला येतोय. मग छातीतून जे वर आलं त्याला ती आवरू शकली नाही. सुचिता गेली, हे सात महिन्यांनी तिला कळलं. ती मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी रडली. सुचिते, सुचिते म्हणत रडली. तो वाळका कोंब तिच्या मुठीत चुरडला गेला.

उकंडराव तिच्याजवळ बसले. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते त्यांना समजेना. पस्तीस वर्षांत तसं कधी केलं नव्हतं. हातांना काहीतरी हवं होतं म्हणून ते समोरच्या तुरीचे शेंडे खुडू लागले. त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, त्यामुळे काय खुडतोय ते त्यांना नीट दिसत नव्हतं.

"खालून कायले खुडून राह्यले तुमी?" पंचफुला हुंदक्यांतून म्हणाली. "दोन बोटं खुडा. झाड मारता काय?"

"दाखव," ते म्हणाले.

तिनं हात पुढे केला आणि दाखवलं.